दयेला वार लावून देणारा संत

शारदीय नवरात्र आले की अन्नपूर्णेचे स्मरण आपोआप होते. देवीच्या राउळांतून अखंड नंदादीप तेवत असतात, ओटी भरणाऱ्या सुवासिनींची रांग महाद्वाराबाहेर जाते आणि महाप्रसादाच्या पंगती दिवस कलेपर्यंत उठत नाहीत. या नऊ दिवसांत कृपणाचाही हात सैल होतो. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना आम्ही हा उत्साह पाहतो आणि आमचे मन भरून येते. मात्र त्याबरोबर आणखी एक गोष्ट आमच्या दृष्टीस पडते. ज्या गावात उत्सवाला हजार पाने उठली, त्याच गावात सीमोल्लंघनाचे सोने वाटून झाल्यावर चार दिवसांनी, एखाद्या बोळातल्या अंधाऱ्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला घोटभर पेज कोणी नेऊन द्यावी, हा प्रश्न उरतोच. गाव निर्दय असते असे नाही. त्या वृद्धेची वार्ता कीर्तनात सांगितली तर दुसऱ्या दिवशी वीस घरांतून वीस डबे येतील. तिसऱ्या दिवशी किती येतील, हा खरा प्रश्न आहे.

या तिसऱ्या दिवसाची चिंता ज्याने वाहिली, अशा एका सत्पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो आपल्या देशातला नव्हे, आपल्या धर्मातलाही नव्हे. फ्रान्स देशात सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी जन्मलेला तो एक ख्रिस्ती धर्मगुरू. संत व्हिन्सेंट डी पॉल हे त्याचे नाव. २७ सप्टेंबर हा त्याच्या देहावसानाचा दिवस बहुधा आपल्या पितृपक्षाच्या वा नवरात्राच्या आसपास येतो. संतचरित्र ऐकताना संताचे गोत्र विचारू नये, ही आपल्याच वारकरी परंपरेची शिकवण आहे. तिला स्मरून हे आख्यान श्रवण करावे.

गुराख्याचा मुलगा

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गॅस्कनी नावाचा प्रांत आहे. तेथे डाक्स या नगराजवळच्या पुई नामक खेड्यात, १५८१ साली, एका सामान्य शेतकऱ्याच्या घरी व्हिन्सेंटचा जन्म झाला. आज त्या खेड्याने त्याचेच नाव धारण केले आहे. सहा भावंडांत हा तिसरा. बाळपण मेंढरे आणि डुकरे राखण्यात गेले. मुलगा बुद्धीने तल्लख आहे हे पाहून बापाने त्यास डाक्स येथे शिकावयास ठेवले आणि पुढे तुलूझच्या विद्यापीठातील खर्चासाठी घरची बैलजोडी विकली, असे चरित्रकार सांगतात. शेतकऱ्याने बैल विकणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको.

आणि तरीही, वाचकहो, ज्या बापाने हे केले त्याच बापाची या मुलास लाज वाटली. एके दिवशी बाप शाळेत भेटावयास आला. अंगावर जाडेभरडे कपडे, चालणे किंचित लंगडे. सवंगड्यांदेखत अशा माणसाशी बोलावे कसे, म्हणून व्हिन्सेंट त्यास भेटावयास बाहेर आला नाही. ही गोष्ट इतर कोणी उघड केलेली नाही. उतारवयात, जेव्हा राण्या आणि सरदार त्याचा शब्द झेलीत होते, तेव्हा त्याने स्वतःच आपल्या शिष्यांपुढे ती अनेकदा सांगितली. संत जन्मतः संत असतो असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

१६०० साली, वयाची विशीही पुरी झाली नसता, त्यास धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्या काळी धर्मगुरू होणे हा गरीब घरातील हुशार मुलाचा वर चढण्याचा जिना होता, आणि व्हिन्सेंटही त्याच जिन्याने चढू पाहत होता. एखादे बऱ्यापैकी उत्पन्नाचे पद मिळावे आणि घरच्यांचे दारिद्र्य फिटावे, एवढीच त्याची आकांक्षा होती. मध्यंतरी समुद्रप्रवासात चाच्यांच्या हाती सापडून ट्युनिस येथे आपण दोन वर्षे गुलाम होतो, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. त्या कथेविषयी आधुनिक संशोधकांनी शंका घेतली असल्याने आम्ही तिचा विस्तार करीत नाही. १६०८ साली तो पॅरिसला आला. तेथे एकाच खोलीत राहणाऱ्या गृहस्थाचे पैसे हरवले आणि चोरीचा आळ व्हिन्सेंटवर आला. त्याने आरोप करणाऱ्याशी वाद घातला नाही. खरा चोर पुढे सापडला आणि आळ धुऊन निघाला. पण मधल्या काळात लोकांनी बोट दाखवलेला माणूस म्हणून जगणे काय असते, हे त्यास कळले.

पुढे एका राणीकडे दानधर्माचा अधिकारी, क्लिशी या गावी धर्मगुरू आणि १६१३ पासून गोंदी नावाच्या अत्यंत श्रीमंत सरदार घराण्यात मुलांचा गुरू, अशी त्याची वाटचाल झाली. ज्या जिन्याची इच्छा केली होती त्याच्या वरच्या पायरीवर तो पोहोचला होता. पण १६१७ सालच्या जानेवारीत गोंदींच्या जहागिरीतील एका मरणासन्न शेतकऱ्याच्या शय्येपाशी त्यास बोलावणे आले. गावात भला माणूस म्हणून गणला जाणारा तो शेतकरी आयुष्यभर मनात एक ओझे दडवून होता. व्हिन्सेंटपाशी ते उतरवून तो शांतपणे गेला. खेड्यांतील माणसांकडे कोणाचेच लक्ष नाही, ही जाणीव व्हिन्सेंटच्या मनात त्या दिवशी रुजली. सरदाराच्या वाड्यात त्याचे मन रमेना. त्याच वर्षी तो शातियों या लहानशा गावी धर्मगुरू म्हणून निघून गेला.

शातियोंचा तो रविवार

आता आख्यानाचा मुख्य भाग येतो. १६१७ सालचा ऑगस्ट महिना. रविवारच्या उपासनेसाठी व्हिन्सेंट वस्त्रे परिधान करीत असता कोणी येऊन सांगितले की गावाबाहेर एका घरी सगळीच माणसे आजारी पडली आहेत, पाणी द्यावयासही कोणी उठू शकत नाही. प्रवचनात व्हिन्सेंटने त्या कुटुंबाची स्थिती लोकांपुढे मांडली. ऐकणाऱ्यांची मने द्रवली.

दुपारी तो स्वतः त्या घराकडे निघाला, तो वाटेत त्यास जणू यात्राच दिसली. गावातल्या स्त्रिया टोपल्या घेऊन त्या घराकडे चालल्या होत्या, काही परतत होत्या, काही उन्हाने थकून झाडाखाली टेकल्या होत्या. घरी जाऊन पाहतो तो भाकरी, मांस, रस्सा यांची रास पडलेली. दुसरा कोणी असता तर आपल्या वाणीच्या प्रभावावर खूश होऊन घरी परतला असता. आम्ही कीर्तनकार या मोहास चांगले ओळखतो. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले की आपले काम झाले, असे वाटते. व्हिन्सेंटला तसे वाटले नाही. त्याच्या मनात आले की आज जे आले ते उन्हाळ्यात उद्यापर्यंत नासून जाईल आणि परवा ही माणसे पुन्हा उपाशी राहतील. या लोकांत दयेची उणीव नाही. तिला क्रम नाही, एवढेच.

एकदोन दिवसांतच त्याने गावातील काही स्त्रियांना एकत्र बोलावले आणि सांगितले की सर्वांनी एकाच दिवशी न जाता पाळीपाळीने जावे. आज एकीने स्वयंपाक करून न्यावा, उद्या दुसरीने. आणि या एका घरापुरते नव्हे, तर गावात जो जो निराधार रुग्ण असेल त्याच्यासाठी. आपल्याकडे पाठशाळेतील गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. त्यामुळे कोणा एका गृहिणीवर भार पडत नसे आणि विद्यार्थी एकही दिवस उपाशी राहत नसे. व्हिन्सेंटने नेमके हेच केले. त्याने दयेला वार लावून दिला.

त्या स्त्रियांच्या मंडळासाठी त्याने लेखी नियम केले. ल्यों येथील वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडून २४ नोव्हेंबर १६१७ रोजी त्यांना मान्यता मिळाली आणि ८ डिसेंबरला गावच्या प्रार्थनामंदिरात मंडळाची विधिपूर्वक स्थापना झाली. सभासद स्त्रियांनी स्वतःस गरिबांच्या दासी म्हणवून घ्यावयाचे होते. एक प्रमुख, एक पैशांचा हिशेब ठेवणारी, वस्तूंची नोंद ठेवणारी, आणि सेवेसाठी प्रत्येकीचा ठरलेला दिवस.

या नियमांत रुग्णास जेवू कसे घालावे, याचा जो तपशील आहे तो एखाद्या पूजाविधीसारखा आहे. सेविकेने प्रसन्न मुखाने रुग्णाचे क्षेमकुशल विचारावे. शय्येवर तबक मांडावे, त्यावर स्वच्छ वस्त्र अंथरावे, पेला आणि चमचा ठेवावा. रुग्णाचे हात धुवावे, देवाचे स्मरण करावे, मग पात्रात रस्सा वाढावा. त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे जेवणात मांस असे. ते रुग्णाला तोडता येत नसेल तर बारीक करून द्यावे. पोटच्या मुलाला भरवावे तितक्या मायेने त्यास खावयास सांगावे. तो दुःखी असेल तर त्यास हसू येईल असे दोन शब्द बोलावे. मग पुढील रुग्णाकडे जावे. आपल्या षोडशोपचारांत आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, नैवेद्य असा क्रम असतो. येथे देवाच्या ठिकाणी रुग्ण बसलेला आहे, इतकाच काय तो फरक.

याच नियमांत आणखी एक बारीकशी सूचना आहे. ज्या रुग्णाच्या घरी दुसरे कोणी माणूस आहे त्याच्याकडे आधी जावे आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जावे. का? तर शेवटच्या घरातून उठण्याची घाई नसते. तेथे अधिक वेळ बसता येते. आम्ही अनेक धर्मशास्त्रे वाचली, दानाची अंगे आणि पात्रापात्रविचार यांवरील निबंधग्रंथ चाळले. परंतु एकट्या माणसाला अन्नाहून अधिक कशाची भूक असते, हे ओळखून त्याप्रमाणे घरांचा क्रम लावणारी अशी सूचना आमच्या वाचनात विरळाच आली.

दासी पाठवणाऱ्या स्त्रिया आणि गुरे राखणारी मार्गरीट

डिसेंबर संपता संपता गोंदी घराण्याच्या आग्रहाने व्हिन्सेंट पॅरिसला परतला, पण आता तो पूर्वीचा राहिला नव्हता. गोंदींच्या जहागिरीतील गावोगावी त्याने अशी मंडळे स्थापिली. काही ठिकाणी पुरुषांचीही मंडळे झाली. १६१९ साली राजाच्या गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांचा मुख्य धर्मगुरू म्हणून त्याची नेमणूक झाली आणि साखळदंडातल्या माणसांकडेही ही सेवा पोहोचली. खेड्यांत जाऊन धर्मोपदेश करणाऱ्या धर्मगुरूंचा संघ त्याने १६२५ साली स्थापन केला. १६२९ पासून लुईझ द मारियाक नावाची एक विधवा स्त्री गावोगावच्या मंडळांना भेटी देऊ लागली. ती त्यांचे हिशेब पाही, भांडणे मिटवी, मुलींना अक्षरओळख करून देई. प्रकृतीने नाजूक, पतिनिधनाने खचलेली ही स्त्री पुढे या कार्याचा दुसरा आधारस्तंभ ठरली.

परंतु खेड्यांत जे सहज जमले ते राजधानीत अडले. पॅरिसच्या मंडळांत सरदारांच्या स्त्रिया सभासद झाल्या. त्यांनी पैसा सढळ हाताने दिला. पण गरिबाच्या खोलीत स्वतः भांडे घेऊन जाणे त्यांना अवघड वाटू लागले. कोणाच्या पतीची हरकत, कोणास रोगाची भीती. मग त्या आपल्या दासींना पाठवू लागल्या, आणि दासींना त्या कामात ना गोडी ना जिव्हाळा. दान पोहोचत होते, दात्री पोहोचत नव्हती.

या अडचणीवर उपाय घेऊन आली ती एक गुरे राखणारी मुलगी. सुरेन गावची मार्गरीट नासो. शाळा तिने पाहिली नव्हती. अक्षरांची एक पुस्तिका विकत घेऊन ती गुरांमागे फिरता फिरता येणाऱ्याजाणाऱ्यास विचारी की हे अक्षर कोणते, हा शब्द काय. अशी ती वाचावयास शिकली आणि मग गावोगाव जाऊन इतर मुलींना शिकवू लागली. श्रीमंत स्त्रियांना जे करवत नाही ते आपण करू, म्हणून ती व्हिन्सेंटपाशी आली आणि पॅरिसमधील रुग्णांची सेवा करू लागली. १६३३ साली प्लेगने पीडित एका स्त्रीस तिने आपल्या शय्येवर घेतले. त्यातच तिला तो रोग जडला आणि तिचा अंत झाला. तिच्या मागोमाग आलेल्या काही मुलींना २९ नोव्हेंबर १६३३ रोजी लुईझने आपल्या घरी ठेवून घेतले आणि सेवाभगिनींचा संघ सुरू झाला.

त्या काळी ख्रिस्ती संन्यासिनींनी मठाच्या भिंतीआड राहावे असा दंडक होता. या मुलींना तसे ठेवले असते तर रुग्णाच्या घरी जाणार कोण? म्हणून व्हिन्सेंटने त्यांना संन्यासिनी म्हटलेच नाही. रुग्णाचे घर हाच त्यांचा मठ आणि नगराचे रस्ते हीच त्या मठाची ओसरी, असे त्याने ठरविले. प्रार्थनेच्या वेळी रुग्णाची हाक आली तर प्रार्थना सोडून जावे. त्यात देवाचा त्याग होत नाही, कारण जिकडे जावयाचे तिकडेही तोच बसलेला आहे, असे तो त्यांना समजावीत असे. आईबापांची सेवा सोडावयाची नाही म्हणून ज्याने दारी आलेल्या पांडुरंगास विटेवर उभे केले, त्या पुंडलिकाचे नाव घेणाऱ्यांस हा विचार परका वाटू नये.

रस्त्यावरची बालके आणि युद्धातले अन्नछत्र

पॅरिसच्या रस्त्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर त्या वेळी नवजात बालके टाकून दिली जात. त्यांतील बहुतेक मरत. काही भिकाऱ्यांना विकली जात. ही पापाची संतती, तिला हात लावणे म्हणजे पापास आश्रय देणे, असे प्रतिष्ठित लोक मानीत. १६३८ साली व्हिन्सेंटच्या मंडळातील स्त्रियांनी प्रथम काही मोजकी बालके सांभाळावयास घेतली आणि १६४० पासून सर्वांचाच भार उचलला. खर्च वाढत गेला. १६४७ च्या सुमारास मंडळातील स्त्रिया थकल्या आणि हे कार्य सोडून द्यावे असा विचार करू लागल्या. तेव्हा व्हिन्सेंटने त्यांची सभा घेऊन त्यांना सांगितले की या बालकांना जन्म देणाऱ्यांनी टाकल्यावर तुम्ही त्यांच्या आया झालात. आता आई राहावयाचे की त्यांचे न्यायाधीश व्हावयाचे, याचा कौल तुम्हीच द्या. कार्य सुटले नाही.

लोरेन प्रांत युद्धाने उजाड झाला तेव्हा १६३९ पासून त्याच्या संघाने तेथे वर्षानुवर्षे मदत पोहोचविली. मॅथ्यू नावाचा एक साधा सेवक पैसा झोळीत लपवून, लुटारूंना चुकवीत, पन्नासाहून अधिक वेळा तेथे जाऊन आला. पुढे फ्रान्समध्येच यादवी माजली. १६५२ साली पॅरिसमध्ये सेवाभगिनी रोज हजारो लोकांना रस्सा शिजवून वाटीत होत्या. शातियोंच्या एका घरासाठी लावलेली पाळी आता अख्ख्या नगरास पुरत होती.

या काळात व्हिन्सेंट राजदरबारातही होता. १६४३ साली तेराव्या लुईच्या अंतसमयी तो शय्येपाशी होता आणि त्यानंतर काही वर्षे राणी ॲनच्या धर्मविषयक सल्लागार मंडळावर बसे. पण ज्यास एकदा बापाच्या कपड्यांची लाज वाटली होती, तो आता दरबारात जुनाच झगा घालून जाई आणि आपण गुराखी होतो हे आवर्जून सांगे.

१६६० सालच्या मार्चमध्ये लुईझ द मारियाक गेली. व्हिन्सेंटचे पाय तेव्हा पूर्ण निकामी झाले होते. तिच्या अंतसमयी तो जाऊ शकला नाही. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला पहाटे, आपल्या नेहमीच्या उठण्याच्या सुमारास, खुर्चीत बसल्या बसल्या त्याने देह ठेविला. १७३७ साली त्यास संतपद देण्यात आले.

मागे राहिलेली परंपरा

माणूस गेला की कार्य विसकटते, हा जगाचा अनुभव. येथे तसे घडले नाही, याचे कारण ते कार्य एका माणसाच्या वाणीवर उभे नसून पाळीच्या नियमावर उभे होते. १७८९ च्या राज्यक्रांतीत त्याच्या संघाचे मुख्य स्थान जमावाने लुटले, तरी परंपरा तुटली नाही. १८३३ साली पॅरिसमधील फ्रेडरिक ओझनाम नामक वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काही मित्रांसह, रोझाली नावाच्या एका सेवाभगिनीच्या मार्गदर्शनाखाली, गरिबांच्या घरी जाऊन भेटण्याचे व्रत घेतले आणि त्या मंडळास व्हिन्सेंटचे नाव दिले. आज ते जगातील सुमारे दीडशे देशांत आहे. मुंबई आणि वसई भागातील अनेक चर्चमध्येही त्याच्या शाखा आहेत. नोकरी-धंदा सांभाळून काही सभासद ठरलेल्या दिवशी आजारी, एकाकी, अडलेल्या घरी जाऊन येतात. पुण्यात १८६७ साली स्थापन झालेली सेंट व्हिन्सेंट शाळा याच संताच्या नावाची. तिच्यावरून जाणाऱ्या किती जणांस हे नाव कोणाचे ते ठाऊक असेल?

आता फलश्रुती. आपल्या देवस्थानांत पूजेची पाळी असते. आज अमक्या घराण्याची, उद्या तमक्याची. पाळी असते म्हणून देव एकही दिवस पारोसा राहत नाही. भक्तीचा उमाळा आला तर पूजा, नाही तर नाही, असे आपण देवाच्या बाबतीत चालू देत नाही. मग दारच्या रुग्णाच्या बाबतीतच सारे उमाळ्यावर का सोडावे? प्रत्येक देवळाच्या आश्रयाला भजनी मंडळ आहे, महिला मंडळ आहे, उत्सव समिती आहे. त्यांच्या वहीत वर्गणीदारांची नावे असतात. त्याच वहीच्या एका पानावर आळीतल्या एकाकी वृद्धांची आणि रुग्णांची नावे लिहावीत, समोर सात वार लिहावेत आणि प्रत्येक वारापुढे एका घराचे नाव घालावे. यास मोठा निधी नको, इमारत नको, उद्घाटन नको. घरी जे शिजते त्यातले एक वाढणे आणि अर्धा तास पुरे. वृद्धेचे घर मात्र शेवटचे ठेवावे, म्हणजे बसावयास सवड सापडेल.

नवरात्रातील नऊ दिवस जगदंबेने अन्नपूर्णा होऊन आपल्याकडून पंगती घालून घेतल्या. दहाव्या दिवशी ती देवळातून उठून कोठे जात असेल, याचा विचार आम्ही या चरित्राच्या वाचनानंतर करू लागलो आहोत. ती त्या बोळातल्या खोलीत जाऊन बसत असावी आणि आज वार कोणाचा, याची वाट पाहत असावी. तो वार आपला व्हावा, हीच तिच्या चरणी प्रार्थना.